दिवा लागला नाही, म्हणून रस्ता मोकळा नसतो

हळदीला भाव लागला की हिंगोलीत दोन ठिकाणी गर्दी वाढते, सराफ्यात आणि गाड्यांच्या शोरूममध्ये. शोरूममधून निघालेले काही जण पुढे माझ्याकडे येतात. मी इथं मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवते. अलीकडे माझ्याकडे येणाऱ्यांत बरेच जण असे असतात की त्यांना गाडी येते, नवी गाडी येत नाही. बटणं फार, पडदा मोठा, आणि बाहेरच्या आरशाच्या काचेत कोपऱ्याला एक बारीक पिवळा दिवा. शेजारच्या लेनमध्ये, आपल्या मागच्या कोपऱ्याशी कुणी आलं की तो लागतो. अशा वेळी आपण त्या बाजूचा इंडिकेटर दिला तर तो लुकलुकतो आणि आत टीं टीं वाजतं. कंपन्या याला ब्लाइंड स्पॉट वॉर्निंग म्हणतात. शोरूममधल्या पोराने तो दिवा मोठ्या कौतुकाने दाखवलेला असतो, त्यामुळे पहिल्याच दिवशी प्रश्न येतो, "मॅडम, हे असताना मान कशाला वळवायची?"

वळवायची. लेन बदलण्याआधी प्रत्येक वेळी वळवायची.

आपला अकोला-नांदेड रस्ता, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग १६१, चार पदरी झाला आणि कनेरगाव नाक्यापासून वारंगा फाट्यापर्यंत लेन बदलणं हे रोजचं काम झालं. पूर्वी दुपदरी रस्त्यावर ओव्हरटेक करायचं म्हणजे समोर बघायचं. समोरून ट्रक येतोय का, त्याच्या आत आपलं निघेल का, एवढाच हिशोब. दोन पिढ्यांनी गाडी चालवणं शिकलं ते या हिशोबावर. आता मधे दुभाजक आला. समोरून, नियमाने तरी, कुणी येत नाही. धोका आता मागून आणि बाजूने येतो, आणि आमच्या लोकांचे डोळे अजून समोरच लागलेले असतात. आरशातला दिवा नेमका या फटीत शिरला आहे. मागे बघायची सवय लागायच्या आधीच, मागे बघणारं यंत्र आलं.

हे समजावून सांगायला बोलणं पुरत नाही, म्हणून मी शिकणाऱ्याची नवी गाडी रामलीला मैदानावर नेते. सकाळी लवकर, पोरं क्रिकेटला यायच्या आत. शिकणाऱ्याला स्टिअरिंगवर बसवते आणि त्याच्याच घरच्या कुणाला तरी स्प्लेंडर घेऊन मागे उभं करते. मग स्प्लेंडरवाल्याला डाव्या अंगाने हळूहळू पुढे बोलावते. आधी तो मधल्या आरशात दिसतो. मधल्या आरशातून निघतो, डाव्या आरशात येतो. मग डाव्या आरशाच्या कडेकडेला सरकतो आणि गायब. अख्खा माणूस, मोटारसायकल, हँडलला लटकवलेली पिशवी, सगळं. तो असतो मागच्या दरवाजाशी, हात लांब केला तर पत्र्याला लागेल इतका जवळ. दोन-तीन पावलं पुढे आला की खिडकीतून पुन्हा दिसायला लागतो. कळमनुरीला शाळेवर जाणाऱ्या एका बाईंनी नवऱ्यालाच असं गायब होताना पाहिलं आणि काच खाली करून ओरडल्या, "अहो, कुठं गेलात?" नवरा म्हणाला, "इथंच तर हाय की, तुझ्या कानापाशी."

आणि याच वेळी चुणचुणीत विद्यार्थी विचारतो, "पण दिवा का नाही लागला?"

कारण गाडी उभी आहे. बहुतेक गाड्यांत ही यंत्रणा ठरावीक वेगाच्या वर जागी होते, कुठे ताशी १०-१२ किलोमीटर, कुठे ३०. वारंगा फाट्यावर खिचडी खाऊन गाडी हळूच रस्त्यावर घ्यायची असते, तेव्हा ती झोपलेली असू शकते. हे गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. पुस्तक बहुधा इंग्रजीत असतं, आणि ते प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर न काढता डॅशबोर्डच्या खणात ठेवलेलं असतं. पहिल्या सर्व्हिसिंगपर्यंत तरी ते तिथंच राहतं.

यंत्र काय करतं, ते थोडक्यात सांगते. मागच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत, प्लास्टिकच्या आत, छोटे रडार असतात. ते शेजारची एक लेन आणि मागचे काही मीटर बघतात. महागड्या गाड्यांत मागून वेगाने येणारं वाहन जरा लांबूनही ओळखतात. काही गाड्यांत कॅमेरा असतो. होंडा सिटीच्या २०२० च्या मॉडेलमध्ये तो डाव्या आरशाखाली आला; डावा इंडिकेटर दिला की त्या बाजूचं चित्र मधल्या पडद्यावर दिसतं. क्रेटासारख्या गाड्यांच्या वरच्या मॉडेलमध्ये तेच चित्र स्पीडोमीटरच्या जागी उमटतं. पण तेही इंडिकेटर दिला तरच! इंडिकेटर न देता लेन बदलणाऱ्याला ना चित्र, ना टीं टीं. फार तर आरशात एक मुका दिवा. आमच्याकडे इंडिकेटर देणं म्हणजे आपला बेत मागच्याला सांगून टाकणं. "सांगितलं की मागचा मुद्दाम रेस करतो," असं मला एका गृहस्थांनी अगदी गंभीरपणे पटवून दिलं. त्यांचं सगळं खोटं होतं असंही नाही.

आता हेच यंत्र हिंगोली जिल्ह्यात आणा. पावसाळ्यात शेताच्या वाटेवरून निघालेल्या गाडीचा मागचा बंपर काळ्या मातीने लिंपलेला असतो, आणि रडारची जागा नेमकी तीच. चांगल्या गाड्या पडद्यावर तसा संदेश देतात, पण तो इंग्रजी संदेश वाचून गाडी थांबवून बंपर पुसणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. दुकानातून लावून घेतलेले चकचकीत बंपर गार्ड तर आणखी वेगळी अडचण. रडारच्या तोंडापुढे लोखंड लावायचं आणि मग दिव्यावर विसंबायचं.

त्याहून मोठी गोष्ट उभ्या वस्तूंची. दुभाजकाचा कठडा, दिव्याचे खांब, उभी वाहनं यांच्यामुळे दिवा सारखा लागू नये म्हणून ही यंत्रणा थांबलेल्या गोष्टी सोडून द्यायलाच शिकवलेली असते. शिवाय आपण एखाद्याला झपकन मागे टाकत असू, तर तेव्हाही बऱ्याच गाड्यांत ती इशारा देत नाही. सपाट महामार्गावर, सगळी वाहनं सारख्या वेगाने पळत असताना, हे शहाणपणाचंच आहे. पण गळीत हंगामात वसमतच्या पूर्णा कारखान्याकडे निघालेला उसाचा ट्रॅक्टर डोळ्यापुढे आणा. मागे दोन ट्रॉल्या जोडलेल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, रिफ्लेक्टर उसाच्या वाढ्याखाली झाकलेला. वेग सायकलपेक्षा थोडा जास्त. तुम्ही ऐंशीच्या वेगाने त्याच्या उजवीकडून निघता. ट्रॅक्टरचं तोंड मागे पडल्यासारखं वाटतं, दिवा लागत नाही, आणि तुम्ही डावीकडे घेता. पण तुम्ही मागे टाकलेली असते दुसरी ट्रॉली. पहिली ट्रॉली आणि ट्रॅक्टर अजून तुमच्या दरवाजाशीच असतात. रात्री तर उसाचा आणि अंधाराचा रंग एकच होतो. इथं एकच उपाय आहे: ट्रॅक्टरचे पुढचे दिवे मधल्या आरशात पूर्ण दिसेपर्यंत डावीकडे घ्यायचं नाही.

आणि राँग साइड. चार पदरी रस्त्यात वळायची जागा लांब पडते, म्हणून गावातली मोटारसायकल डाव्या कडेने उलटी येते. ती येते समोरून, ट्रॅक्टरच्या आडून. मागच्या बंपरमधल्या रडारला तिचं काय? शेगावच्या गजानन महाराजांची पालखी सेनगाव, नर्सी, औंढ्यावरून परभणीकडे जाते. त्या दिवसांत रस्त्याच्या कडेने माणसंच माणसं असतात. पायी चालणाऱ्यासाठी हा दिवा बनवलेलाच नाही.

मोटारसायकलचं मात्र आकड्यातच सांगायला हवं. २०२२ साली देशात रस्ते अपघातात १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यांतले ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते. अमेरिकेतल्या एएए या मोटारचालकांच्या संघटनेने २०१४ मध्ये या यंत्रणा तपासल्या, तेव्हा मोटारसायकल ओळखायला त्यांना मोटारीपेक्षा २६ टक्के जास्त उशीर लागत होता. त्यानंतर रडार सुधारले आहेत, हे मान्य. पण ज्यांचे रस्ते मोटारींनी भरलेले आहेत त्यांच्यासाठी घडवलेलं यंत्र, ज्यांचे रस्ते दुचाकींनी भरलेले आहेत तिथं आलं आहे, हे गाडी घेणाऱ्याला कुणीतरी सांगायला नको का?

मी यंत्राच्या विरुद्ध नाही. एक स्पष्ट सांगते, माझ्या स्वतःच्या गाडीत हा दिवा असता तर मला आवडला असता. आयआयएचएस या अमेरिकी संस्थेच्या अभ्यासात असा इशारा देणाऱ्या गाड्यांचे लेन बदलतानाचे अपघात १४ टक्क्यांनी कमी आढळले. चौदा टक्के म्हणजे थोडे नाहीत. पण शंभरातले शंभरही नाहीत. आणि एएएच्याच संशोधन संस्थेने आयोवा विद्यापीठाबरोबर २०१८ मध्ये केलेल्या पाहणीत असं निघालं की, अशा यंत्रणा असलेल्या चालकांपैकी सुमारे चौथा हिस्सा स्वतः न बघता फक्त यंत्रावर भरवसा ठेवायला तयार होता. तिथं, जिथं लायसन्सच्या परीक्षेत खांद्यावरून मागे बघितलं नाही तर गुण कापतात. मग इथं काय होईल?

इथं काय होईल, ते मला ठाऊक आहे, कारण इथं ते आधीच झालेलं आहे. आपल्याकडे ब्लाइंड स्पॉटची यंत्रणा पन्नास-साठ वर्षांपासून आहे. तिचं नाव हॉर्न. ट्रकच्या पाठीवर 'हॉर्न ओके प्लीज' लिहायचं, म्हणजे मागच्याने वाजवायचं, तेव्हा पुढचा जागा होणार. बघायची जबाबदारी पुढच्याची होती, ती मागच्याच्या गळ्यात घातली. महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने २०१५ मध्ये ती अक्षरं लिहायला बंदी केली. अक्षरं गेली, सवय गेली नाही. आजही "हॉर्न दिला नाही त्याने" हे अपघातानंतरचं पहिलं वाक्य असतं.

माझे वडील हिंगोली-नांदेड-हैदराबाद ट्रक चालवायचे. त्यांच्या ट्रकला डाव्या बाजूला क्लीनर असायचा. फाट्यावर गाडी डावीकडे घेताना तो अर्धा दाराबाहेर लटकायचा, दारावर थाप मारून "जाऊ द्या, जाऊ द्या" म्हणायचा, आणि सायकलवाला आला की "रुका, रुका!" डावी बाजू त्याची, उजवी वडिलांची. पुढे भाड्यात परवडेना म्हणून क्लीनर गेला आणि डावी बाजू कुणाचीच राहिली नाही. मला गाडी शिकवताना वडील म्हणायचे, "मागचा वाजवीन, ही आशा नको धरू, माय. बहिरा बी असंल, पोरगं बी असंल." आरशातल्या दिव्याबद्दल माझं तेच म्हणणं आहे.

क्लीनर गेला, म्हणून हे यंत्र खरं लागतं ते ट्रक-बसला. ट्रकच्या डाव्या दाराखाली अख्खी स्कूटी लपते. युरोपात जुलै २०२२ पासून ट्रक-बसच्या नव्या मॉडेलना आणि जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या ट्रक-बसला बाजूच्या सायकलस्वाराची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची झाली. लंडनने तर आधी वेगळाच प्रश्न विचारला: केबिनच्या काचांमधून चालकाला स्वतःच्या डोळ्यांनी किती दिसतं? त्यावर ट्रकला तारे दिले, आणि तारे कमी असतील तर कॅमेरे-सेन्सर लावा म्हणून सांगितलं. आधी डोळे, मग यंत्र. हा क्रम मला पटतो. आपल्या केंद्र सरकारनेही २०२५ मध्ये मोठ्या प्रवासी आणि मालवाहू वाहनांना चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणा सक्तीच्या करण्याचा मसुदा काढला. तो नव्या वाहनांपुरता आहे. रस्त्यावर आज धावणारे जुने ट्रक आणि ट्रॅक्टर पुढची कितीतरी वर्षं तसेच धावतील. मार्केट यार्डात हळद घेऊन येणाऱ्या ट्रॅक्टरांच्या रांगेकडे एकदा नीट बघा. किती ट्रॅक्टरांना आरसा आहे? आरसा असेल तर त्यात मागच्या पोत्यांशिवाय काही दिसतं का?

रस्ताही कधी कधी फसवतो. ४ सप्टेंबर २०२२ ला टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांचा पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर मोटार अपघातात मृत्यू झाला. गाडी महागडी आणि सुरक्षित म्हणून नावाजलेली. तिथं तीन लेनचा रस्ता पुलाशी दोन लेनचा होतो, हे अपघातानंतर सगळ्या देशाला कळलं. लेन आपल्याला बदलायची नसते, रस्ताच ती काढून घेतो, आणि शेजारी कोण आहे हे बघायला तेव्हा एक क्षण मिळतो. मागच्या सीटवर बसलेल्यांनी पट्टा लावला नव्हता, हेही त्याच अपघातात देशाला कळलं. पट्ट्याची चर्चा महिनाभर झाली, लेन संपण्याची झाली नाही.

आता थोडं कामाचं. नव्या गाडीवाल्यांपैकी बहुतेकांचे आरसे चुकीचे लावलेले असतात. आरशात अर्धी आपलीच गाडी दिसते. आपली गाडी कुठं जात नाही, ती बघायची गरज नाही. उजवा आरसा लावताना डोकं उजव्या खिडकीच्या काचेला टेकवा आणि आपल्या गाडीची कड जेमतेम दिसेल इतका आरसा बाहेर वळवा. डावा लावताना डोकं दोन्ही सीटांच्या मध्ये आणा आणि तसंच करा. मग सरळ बसा. आता मधल्या आरशातून निघालेलं वाहन बाजूच्या आरशात येतं आणि तिथून निघायच्या आत खिडकीत दिसायला लागतं. स्प्लेंडरवाला गायब होण्याची जागा पुष्कळ आकसते. पूर्ण संपत नाही, म्हणून शेवटी मान. कमरेतून वळायचं नाही, हनुवटी खांद्याकडे न्यायची आणि परत आणायची, इतकंच. क्रम असा: मधला आरसा, बाजूचा आरसा, इंडिकेटर, मान, आणि मग स्टिअरिंग. या सगळ्यात दिवा लागला तर थांबायचं. नाही लागला तर तुम्ही जे स्वतः पाहिलं आहे, त्यावर जायचं.

एक चमत्कारिक दृश्य मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. बाजारात कुणी घासून जाऊ नये म्हणून आमच्याकडे डावा आरसा मिटून ठेवतात, आणि तो तसाच मिटलेला ठेवून महामार्गावर शंभरच्या वेगाने जातात. लाखो रुपयांची गाडी, बंपरमधले रडार इमानेइतबारे डावीकडे बघत असतात, आणि त्यांचा दिवा मिटलेल्या आरशात, दाराच्या काचेकडे तोंड करून लुकलुकत असतो.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या पंधराव्या नियमात लायसन्सच्या परीक्षेत काय काय बघायचं त्याची यादी आहे. त्या यादीत पहिलीच गोष्ट आरसा नीट लावण्याची आहे, अगदी इंजिन सुरू करण्याच्याही आधी. परीक्षेत प्रत्यक्षात बघतात ते आठ आकडा आणि चढावर गाडी मागे न येणं. हिंगोलीतल्या लायसन्सच्या परीक्षेत चार पदरी रस्त्यावर एक लेन बदलून दाखवायला लावा, एवढी परिवहन खात्याला माझी विनंती आहे. आमच्या ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांचाही धंदा त्याने जरा अवघड होईल, होऊ द्या.

आणि जे या हंगामात गाडी घेणार आहेत त्यांना: पूजा होऊन किल्ली हातात पडायच्या आधी शोरूममधल्या पोराला चार प्रश्न विचारा. हा दिवा किती वेगाला सुरू होतो? मोटारसायकल ओळखतो का? उभी ट्रॉली ओळखतो का? बंपरला चिखल लागला तर काय? उत्तरं मराठीत मागा, कागदावर लिहून मागा. त्याला येत नसतील तर पुस्तक उघडायला लावा, आणि येईपर्यंत गाडी बाहेर काढू नका.